सुकलेल्या डाळिंबाला घाईची माया नको



बुटक्या डाळिंबाचे बोन्साय आता केवळ बंगल्याच्या बागेत दिसते असे नाही. रोपवाटिकेत, झाडांच्या प्रदर्शनात, कधी रस्त्याकडेच्या हातगाडीवरही ते मिळते. कोणी नव्या घराच्या प्रवेशाला भेट म्हणून देतो, कोणी निवृत्तीच्या समारंभात शालीबरोबर हातात ठेवतो. पहिले वर्षभर त्याचे कौतुक होते. लाल-केशरी फुले येतात, आल्यागेल्याला दाखविली जातात. मग मुलांच्या परीक्षा येतात, घरात आजारपण येते, कामाच्या पाळ्या बदलतात आणि ती कुंडी हळूहळू गॅलरीच्या कोपऱ्यात सरकते. एके दिवशी लक्ष जाते तेव्हा पान एकही उरलेले नसते. माती दगडासारखी झालेली असते आणि घरात प्रश्न उभा राहतो, की ठेवायचे की टाकायचे?

आमचे सांगणे असे, की लगेच टाकू नका. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लगेच मायेचा पूरही आणू नका. आमच्या पाहण्यात अशी बरीच झाडे दुर्लक्षातून तगली आणि नंतरच्या घाईने मेली. आठ महिने पाणी नाही आणि मग एका रविवारी बादलीभर पाणी, मूठभर खत, मोठी कुंडी, कडक ऊन, सर्व एकदम. उपाशी माणसाला कोणी पुरणपोळीचे ताट वाढीत नाही. आधी पेज देतात. झाडाचेही तसेच आहे.

हे झाड आहे तरी कोणते?

डाळिंबाचे शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनॅटम. त्यातील बुटक्या प्रकाराला 'नाना' म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ बुटकी एवढाच आहे, आपल्याकडच्या नानांशी त्याचा संबंध नाही. या झाडाची पाने बारीक व निमुळती, फुले झाडाच्या मानाने मोठी आणि फळ लिंबाएवढे किंवा त्याहून लहान असते. दाणे आंबट निघतात, म्हणून खाण्यासाठी हे कोणी लावीत नाही. खोड मात्र लवकर म्हातारे दिसू लागते, त्याला पीळ पडतो, साल खडबडीत होते. म्हणूनच बोन्साय करणाऱ्यांना ते आवडते.

डाळिंब आपल्याला परके नाही. सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्याला या पिकाने आधार दिला. सोलापुरात 2005 साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले आणि 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. हा शेतकरी डाळिंबाशी कसा वागतो ते समजून घेतले, की कुंडीतल्या झाडाचे दुखणे निम्मे समजते.

डाळिंबाला वर्षात तीन वेळा बहर येऊ शकतो. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार. तिन्ही घेतले तर झाड थकते, म्हणून शेतकरी एकच धरतो. त्यासाठी तो बागेचे पाणी मुद्दाम तोडतो. जमिनीप्रमाणे महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त. याला 'ताण देणे' म्हणतात. पाने पिवळी पडतात, गळतात, बाग उघडी दिसते. मग हलकी छाटणी, खत आणि बेताबेताने पाणी. थोड्याच दिवसांत लालसर पालवी फुटते आणि पाठोपाठ कळ्या येतात.

म्हणजे पाने गाळून गप्प बसणे ही डाळिंबाची सवयच आहे. ते लगेच मरणाचे लक्षण नव्हे. फरक एवढाच, की शेतातल्या झाडाची मुळे खोल गेलेली असतात आणि शेतकरी दिवस मोजीत असतो. कुंडीतल्या झाडाला चार बोटे माती आणि दिवस कोणीच मोजलेले नसतात. तेव्हा आपल्यापुढे असलेले झाड ताणावर आहे की खरेच गेले आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

आधी जीव तपासा

शेंड्याकडच्या बारीक काडीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवा ओलसर थर दिसला तर तेथपर्यंत झाड जिवंत आहे. तपकिरी व कोरडे दिसले तर थोडे खाली या, पुन्हा खरवडा. असे करीत खोडापर्यंत जावे. डाळिंबाचे लाकूड जात्याच कडक असते, त्यामुळे काडी वाकवून पाहण्याची परीक्षा येथे फसवी ठरते. नखाची परीक्षाच खरी.

वरचा भाग सगळा वाळला आणि बुंध्याशी हिरवे सापडले तरी आशा सोडू नये. बुटके डाळिंब बहुधा फाटे कलमाने किंवा बियांपासून वाढविलेले असते, दुसऱ्याच्या खुंटावर बांधलेले नसते. त्यामुळे बुंध्यातून येणारा फुटवा हा त्याच झाडाचा असतो आणि त्यावरून झाड पुन्हा उभे करता येते. मात्र बुंध्याची साल चारी बाजूंनी तपकिरी असेल आणि मुळे काळी, मऊ, वास मारणारी असतील, तर झाड गेले असे समजावे. मग उगीच आशेवर कुंडी अडवून ठेवू नये.

जीव आहे असे दिसले, की पहिला उपचार साधा आहे. फार वाळलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेले पाणी कडेने वाहून खाली जाते. आतला गड्डा कोरडाच राहतो. म्हणून कुंडी बादलीत, पाणी मातीच्या किंचित वर येईल अशी दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावी. बुडबुडे यायचे थांबले, की बाहेर काढून निथळू द्यावी. हे एकदाच करावयाचे. नंतर सावलीत ठेवून बोटाने पाहून पाणी द्यावे. दुसरे काहीही करू नये.

एक उदाहरण

आमच्या वस्तीत एक काका होते. एका कारखान्याच्या बागेत त्यांनी माळीकाम केले. निवृत्त होताना तेथील बुटक्या डाळिंबाची पेन्सिलीएवढी काडी त्यांनी मागून आणली आणि चाळीतल्या दारासमोर पत्र्याच्या डब्यात लावली. पुढे तिला पसरट कुंडीत बसविले. वीस वर्षे ते झाड त्यांच्या हाताखाली वाढले. 2021 साली काका गेले. पुढच्या वर्षी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. कुटुंब आधी भाड्याच्या खोलीत आणि 2024 साली सातव्या मजल्यावरच्या घरात राहावयास गेले. भांड्याकुंड्यांच्या सामानाबरोबर ती कुंडीही फिरली. नव्या घरी पोचली तेव्हा तिच्यात काड्याच होत्या.

काकांच्या सूनबाईंनी आम्हाला बोलाविले. म्हणाल्या, "भाऊ, मामांचं झाड आहे. टाकवतही नाही आणि असं बघवतही नाही." त्या डिसेंबरातच मुलगा मोठी कुंडी आणावयास निघाला होता आणि शेजारच्या मावशींनी मूठभर युरिया घाल म्हणून सांगितले होते. दोघांचाही हेतू चांगला होता. आम्ही दोघांनाही थांबविले. नखाने पाहिले तर तीन फांद्या गेल्या होत्या, दोन जिवंत होत्या आणि खोड हिरवे होते. बादलीचा उपचार केला आणि फेब्रुवारीपर्यंत वाट पाहावयाची असे ठरले. "दोन महिने नुसतं बघत बसायचं?" असे मुलाने विचारले. होय, हेही कामच आहे.

वेळ कोणती?

कुंडी बदलण्यास आपल्याकडे दोन वेळा चांगल्या. एक, थंडी ओसरताना, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. त्या वेळी डोळे फुगू लागलेले असतात, पण पाने आलेली नसतात. दुसरी, पहिला जोराचा पाऊस होऊन हवा गार झाल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलै. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मुळांना हात लावू नये. मे महिन्यात सुकलेले झाड हाती आले तर त्याला सावली व बेताचे पाणी देऊन पावसाळ्यापर्यंत तगवावे. कळ्या-फुलांनी भरलेल्या झाडाचीही कुंडी बदलू नये.

माती कशी करावी?

घट्ट काळी माती बोन्सायला कामाची नाही. ती पाणी धरून ठेवते, मुळे गुदमरतात आणि वाळली की भेगा पडून मुळे तुटतात. डाळिंब हे हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीतले झाड आहे. कुंडीतही त्याला तसेच हवे.

त्यासाठी बाजारातून महागडी पिशवी आणण्याची गरज नाही. विटांचे तुकडे कोठेही मिळतात. ते फोडून घ्यावे. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान नको आणि हरभऱ्यापेक्षा मोठा नको. चाळणीने चाळून खालची भुकटी टाकून द्यावी, कारण तीच पुढे चिखल होऊन छिद्रे बुजविते. विटेला चिकटलेले सिमेंट मात्र घेऊ नये, त्यातल्या चुन्याने माती बिघडते. गावाकडे असाल तर चाळलेला मुरूमही चालतो. समुद्राची वाळू मिठामुळे चालत नाही.

असे विटांचे तुकडे दोन भाग, साधी लाल किंवा बागेतली भुसभुशीत माती एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत अर्धा भाग आणि ओंजळभर निंबोळी पेंड, असे मिश्रण करावे. निरोगी झाडाला खत एक भाग चालते, अशक्त झाडाला अर्धाच. मिश्रण कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी तळ्यासारखे साचून न राहता झरझर खाली गेले तर माती जमली.

मुळांची छाटणी

आदल्या दिवशी पाणी देऊ नये, म्हणजे गड्डा सुटा निघतो. कुंडीच्या कडेने जुनी सुरी फिरवावी आणि झाड खोडाला धरून न ओढता कुंडी आडवी करून काढावे. बहुतेक वेळा मुळे कुंडीच्या आकाराची होऊन गोल गोल फिरलेली दिसतात. तेच झाडाचे खरे दुखणे असते. माती संपलेली असते आणि मुळेच मुळांना आवळीत असतात.

बांबूच्या काडीने किंवा स्वयंपाकघरातल्या जुन्या काट्याने बाहेरून आत, केस विंचरावेत तशी मुळे मोकळी करावी. मधला गड्डा सगळा फोडू नये. अशक्त झाडाची या वर्षी बाहेरची निम्मी माती बदलावी आणि मधली पुढच्या खेपेस. मग पाहावे. पिवळसर, घट्ट मूळ चांगले. काळे, मऊ, दाबले की साल सुटणारे मूळ कुजलेले, ते पूर्ण काढावे. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमीचे काम समजावे. डाळिंबाला हा त्रास नेहमी होतो. अशी मुळे कापून जाळावी, जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये आणि नव्या मातीत निंबोळी पेंड घालण्यास विसरू नये.

चांगल्या मुळांपैकी गोल फिरलेली लांब मुळे कापावी. एकंदर चौथा हिस्सा, फार तर तिसरा. कात्री धारदार असावी आणि स्पिरिटने पुसलेली असावी. डाळिंबाच्या बागांतही एका झाडाचा रोग दुसऱ्याला कात्रीवरून जातो, म्हणून शेतकरी ही काळजी घेतात.

आता फांद्यांचे पाहू. येथे कारकुनी हिशेब उपयोगी पडतो. मुळे ही झाडाची जमा आणि पाने हा खर्च, कारण पानांतूनच पाणी उडून जाते. मुळे कापली म्हणजे जमा घटली, तेव्हा खर्चालाही थोडी कात्री लावावी. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर झाड आपले अन्न पानांतच तयार करते. सगळी पालवी छाटून टाकली तर उद्याची जमाही बंद पडते. म्हणून पहिल्या वर्षी वाळलेल्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या आणि फार लांबलेले शेंडे एवढेच काढावे. झाडाला आकार देणे, तारा बांधणे हे सारे पुढच्या वर्षावर टाकावे. आजारी माणसाचे केस कापून त्याला फेटा बांधण्याची घाई कोणी करीत नाही.

कुंडीत बसविणे

अशक्त झाड लगेच उथळ, दिखाऊ कुंडीत घालू नये. त्याला वर्ष-दोन वर्षे गड्ड्यापेक्षा दोन-तीन बोटे रुंद आणि पाच-सहा बोटे खोल भांडे द्यावे. प्लॅस्टिकचा जुना टब किंवा गळके घमेले तळाला पाच-सहा छिद्रे पाडून चालते. याच्या उलट, फार मोठी कुंडीही नको. थोडी मुळे आणि खूप ओली माती असे झाले, की माती वाळतच नाही आणि मुळे कुजतात. सुकलेले झाड मोठ्या कुंडीत मेले, असे लोक सांगतात त्याचे कारण बहुधा हेच असते.

छिद्रांवर मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे ठेवावे. दोन छिद्रांतून एक तार वर काढून ठेवावी. मातीचा थर घालून झाड बसवावे आणि तारेने गड्डा कुंडीला हलकेच बांधावा. झाड वाऱ्याने हलत राहिले तर नवी केसाळ मुळे फुटताच तुटतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मग माती टाकीत बांबूच्या काडीने मुळांच्या मधल्या पोकळ्या भराव्या. हाताने दाबून ठोकू नये. शेवटी झारीने, तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्यावे.

पहिले चाळीस दिवस

खरी परीक्षा आता आहे आणि ती झाडाची नसून आपली आहे. पंधरा-वीस दिवस कुंडी उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवावी. नंतर सकाळचे कोवळे ऊन द्यावे. पाणी वेळापत्रकाने देऊ नये. बोटाचे पहिले पेर मातीत घालावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. रोज सवयीने तांब्याभर ओतणे आणि विसरणे, दोन्ही सारखेच वाईट. खत चाळीस दिवस अजिबात नको. कापलेल्या मुळांना खत झोंबते. युरियाचे तर नावच काढू नये. आणि मुळे फुटली का हे पाहण्यासाठी झाड उपटून पाहू नये. हसू नका, असे करणारे लोक आहेत.

आमच्या वस्तीतले ते झाड 2025 च्या फेब्रुवारीत नव्या मातीत बसविले. पहिल्या आठवड्यात घरातल्या सर्वांचा उत्साह होता. तिसऱ्या आठवड्यात काही दिसेना, तेव्हा सूनबाईंचा धीर सुटू लागला. सत्ताविसाव्या दिवशी जिवंत फांदीवर तांबूस टिंब दिसले. दोन दिवसांनी तीन झाले. त्यांनी फोनवरून एवढेच सांगितले, "भाऊ, आलं." नवी पालवी अशी तांबूसच येते, नंतर हिरवी होते. कोंब आले म्हणून लगेच खत घालू का असे त्यांनी विचारले, तेव्हा अजून दोन आठवडे थांबा असे आम्ही सांगितले. सुरुवातीचे कोंब झाड साठविलेल्या पुंजीवर काढते. मुळे कामाला लागली की नाही ते पाने मोठी होऊन टिकली म्हणजे कळते.

त्यानंतर मूठभर कुजलेले शेणखत बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवून, वरचे पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाइतके पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा द्यावे. ऊन हळूहळू वाढवावे. डाळिंबाला रोज पाच-सहा तास ऊन हवे. ऊन नसेल तर झाड जगेल, पण फुलणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातील मेच्या दुपारी मात्र जुन्या साडीचा आडोसा करावा. कोकणात व मुंबईत सततच्या पावसात कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे छिद्रे मोकळी राहतात, आणि खाली ताटली ठेवू नये.

कोवळ्या पालवीवर मावा आणि पांढरी माशी येते, फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो. सुरुवातीला पाण्याचा फवारा आणि ओला बोळा पुरतो. नाही आटोपले तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल व थोडा साबण ढवळून संध्याकाळी फवारावे. बुंध्यातून फुटवे येतील ते जागच्या जागी खुडावे. न खुडल्यास झाडाची ताकद त्यांत जाते आणि झाडाचे झुडूप होते. मात्र वरचा भाग मेलेला असेल तर त्यांतला एक सरळ फुटवा राखावा.

फूल आणि फळ

झाड सावरले की कळ्या येतात. डाळिंबावर दोन तऱ्हेची फुले दिसतात. काही घंटेसारखी, बुडाशी निमुळती असतात, ती गळून पडतात. काही बुडाशी फुगीर, घड्यासारखी असतात, फळ त्यांनाच धरते. घंटेसारखी फुले गळाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. फुले नव्या वाढीच्या टोकाला येतात, म्हणून कळ्या दिसू लागल्यावर शेंडे छाटू नयेत.

पहिल्या वर्षी फळ मात्र ठेवू नये. एका फळामागे झाडाला कित्येक पानांची कमाई खर्चावी लागते आणि आताच कोठे ते अंथरुणातून उठलेले असते. आम्ही सूनबाईंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मामा गेल्यावर चार वर्षांनी पहिलं फळ धरलंय, आणि ते मीच खुडू?" आम्ही म्हणालो, फूल मनसोक्त पाहा, फूल फार खात नाही. फळ या वर्षी काढा, म्हणजे पुढची वर्षे मिळतील. त्यांनी दोन दिवस घेतले आणि ते सुपारीएवढे फळ स्वतःच्या हाताने काढले. आम्हाला वाटते, झाड वाचले ते मातीने व पाण्याने. पण ते टिकणार हे त्या दिवशी ठरले.

कोणी पाहावयाचे?

घरातील झाडे बहुधा दोन कारणांनी मरतात. दुसऱ्याने पाणी घातले असेल असे सर्वांना वाटते, म्हणून कोणीच घालीत नाही. किंवा तिघेही घालतात. यावर उपाय म्हणजे एक माणूस नेमावा आणि एक वही ठेवावी. तारीख, पाणी दिले की नाही, खत केव्हा, कोंब केव्हा, कीड दिसली का, एवढ्या पाच रकान्यांची वही शाळेतले मूल आनंदाने ठेवते. दोन वर्षांनी कुंडी केव्हा बदलावयाची हे आठवावे लागत नाही, वही सांगते.

दुसरे असे, की महत्त्वाच्या कागदाची एकच प्रत ठेवू नये. जे झाड एकमेव आहे, त्याच्या पेन्सिलीएवढ्या दोन-तीन काड्या पावसाळ्यात वीतभर कापून वाळू-मातीत, सावलीत लावाव्या. डाळिंबाला काडीपासून मुळे सहज फुटतात आणि ते झाड हुबेहूब आईचेच निघते. बियांपासूनही रोप होते, पण ते सगळे आईसारखे निघेलच असे नाही. लेकीच्या घरी, भावाच्या घरी एकेक काडी गेली म्हणजे एका घरातल्या चुकीने सर्व संपत नाही.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजे करणे, असा आक्षेप काही जण घेतात. बुटके डाळिंब हे जातीनेच लहान आहे आणि उपाशी ठेवलेले बोन्साय जगत नाही, हे वरच्या सगळ्या खटाटोपावरून दिसलेच असेल. नीट ठेवलेले बोन्साय माणसाच्या आयुष्याहून जास्त जगते. 1625 सालापासून कुंडीत असलेला एक पाइन वृक्ष 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमात अणुबॉम्ब पडला तेव्हा तेथील यामाकी कुटुंबाच्या घरी भिंतीआड होता आणि तो वाचला. 1976 साली त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षउद्यानात तो आजही आहे. एका माणसाला चारशे वर्षे झाड सांभाळता येत नाही. एकाने ठेवले आणि पुढच्याने ते हाती घेतले, असेच ते चालत आले.

तेव्हा वर्षाचा हिशेब थोडक्यात असा. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी, विश्रांती. फेब्रुवारीत, दोन-तीन वर्षांतून एकदा, माती व मुळांची छाटणी. मार्च ते मे पाण्याकडे लक्ष आणि दुपारची सावली. जून-जुलैत काड्या लावणे. पावसाळ्यात निचरा पाहणे आणि कीड वेचणे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पातळ खत व भरपूर ऊन. फळ ठेवावयाचे ते निरोगी झाडावर आणि तेही दोन-तीनच.

आपल्या गॅलरीत अशी एखादी कुंडी पडून असेल तर येत्या रविवारी तिला उजेडात आणा, नखाने साल खरवडा आणि हिरवे दिसले तर कुंडी बादलीत बुडवून निथळून घ्या. त्या दिवशी एवढेच पुरे. बाकीचे सर्व हंगाम आल्यावर.